खिळ्यांची फळी

या, बसा. त्या पेटीवर बसलात तरी चालेल, रिकामीच आहे. मॅडम यायला अजून अवकाश आहे, आणि आत शिरायची घाई करून आजवर कोणी श्रीमंत झालेलं नाही. तोवर तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगतो. सोन्याची आहे, चांदीची आहे, आणि दोन्ही हातात असताना माणूस कसा अडकतो त्याची आहे. मध्ये चहा आला तर घ्या, पण गोष्ट मोडू नका. मोडलेली कांडी आणि मोडलेली गोष्ट, दोन्ही नीट जुळत नाहीत.

तर एक करवत्या होता. नाव होतं त्यालाही, पण त्या नावाने हाक मारणारी एकटी त्याची बायको, आणि ती वारली. उरलेल्या जगाला तो करवत्याच.

डोंगरात सोनं-चांदी आहे का बघायला एक कंपनी आली होती. आता सोनं शोधायचं म्हणजे कुदळ घेऊन खणत सुटायचं, असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नसतं. आधी डोंगराला भोकं पाडतात. पाण्यासाठी बोअर मारतात तशीच, फक्त इथे आतून दगडाची अख्खी कांडी बाहेर काढतात, मनगटाएवढी जाड. त्या कांड्या लाकडी पेट्यांत ओळीने रचून ठेवायच्या. मग बघायचं, काळ्या दगडात कुठे पांढऱ्या गारगोटीची शीर दिसते का. सोनं बसलं तर त्या शिरेत बसतं, नाहीतर बसतच नाही. शीर दिसली की ती कांडी करवतीवर उभी चिरायची. अर्धी पेटीत परत, अर्धी पिशवीत. पिशवी शहरात जाते, तपासणीला. कंपनी राहणार की बिऱ्हाड आवरणार, ते त्या पिशवीवर ठरतं.

ती चिरायचं काम या करवत्याचं. शेडमध्ये कोपऱ्यात करवत, वर पाण्याची बारीक धार, खाली पांढरा गाळ. दिवसभर घर्र घर्र. घरी गेला तरी कानात तेच. शेजारी म्हणायचे, याच्याशी बोलायचं तर ओरडून बोला, आणि गुपित सांगायचं तर कुत्र्याला सांगा, ते तरी हळू ऐकतं.

शेडच्या दाराला एक फळी होती आणि फळीला खिळे. नियम असा, की आत जाणाऱ्याने अंगठी, साखळी, घड्याळ, बांगडी, जे काही धातूचं अंगावर असेल ते खिळ्याला अडकवायचं. साहेब असो की झाडूवाली. कारण तपासणीवाले जे सोनं शोधतात ते डोळ्याला दिसणारं नसतंच. विहिरीत चिमूटभर मीठ टाका आणि कोणाला तरी म्हणा, चव घेऊन सांग किती पडलं. तसलं ते काम. त्यात तुमच्या अंगठीचा एक कण पडला, की डोंगरभर सोनं दिसायला लागतं.

पहिल्या दिवशी करवत्याने घड्याळ काढलं, गळ्यातली साखळी काढली. अंगठी निघेना.

लग्नाच्या दिवशी बायकोने बोटात घातलेली. तेव्हा बोट होतं काडीसारखं. मग वर्षानुवर्षं दगड उचलून, थंड पाण्यात हात घालून सांधा असा सुजला, की अंगठी मागे अडकली ती अडकलीच. साबण लावून झाला, तेल लावून झालं, दोरा गुंडाळून ओढून झाला. बोट लाल झालं, अंगठी होती तिथेच. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "पक्कड आणतो, एका चिमट्यात तोडू." तसा करवत्याने हात मागे घेतला. हात असा मागे घेतला, की रखवालदाराने पुन्हा पक्कडीचं नाव काढलं नाही.

दगडांची पारख करायला एक मॅडम होत्या. सगळे त्यांना पाठीमागे दगडबाई म्हणायचे, आणि त्यांना ते माहीत होतं. बाई भल्या, कामाला वाघ, पण त्या दिवशी पेट्यांची रांग लागलेली, शहरातून फोनवर फोन. त्यांनी करवत्याचं बोट बघितलं, त्याचं तोंड बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "काळी चिकटपट्टी गुंडाळा घट्ट. आणि वर हातमोजा घालायचा. काढायचा नाही."

"नाही काढत मॅडम."

एवढंच. गाडी चुकीच्या रस्त्याला लागते तेव्हा काही वाजत नाही हो.

हातमोजा आठवडाभर टिकला. ओली कांडी मोज्यातून अशी सुळकन सटकते, की आता हाताची बोटं जातात की काय. मग करवत्याने मोजे काढून ठेवले. पट्टी होती ना. पट्टी झिजून फाटली की तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. खाली काय चाललंय, कोण बघतो?

पहिल्या दोन भोकांत काही निघालं नाही. दगड चांगला कडक होता, कांड्या सुरीने लोणी कापावं तशा सरळ चिरल्या गेल्या. तिसऱ्या भोकापासून डोंगर बिघडला. कांड्या अख्ख्या निघेनात. गारगोटी फुटलेली, ठिसूळ, पेटीत नुसते तुकडे आणि भुगा, खडीसाखर पोत्याखाली चिरडावी तसा. आता भुगा करवतीवर कसा चिरणार? तो हातानेच अर्धा करायचा. ओंजळीने उचलायचा, एक ओंजळ पेटीत, एक ओंजळ पिशवीत. करवत्या इमानदार माणूस. दाणा इकडचा तिकडे होऊ नये म्हणून तो तळहाताने पुन्हा पुन्हा सारखा करायचा.

आणि तिसऱ्या भोकात सोनं निघालं.

सोनं निघालं म्हणजे कोणी ढेकळं आणून दाखवली नाहीत. शहरातून फोन आला, दगडबाईंनी ऐकला, आणि चष्मा काढून पुसत राहिल्या. पुसलेलाच पुन्हा पुसत राहिल्या. मग चौथ्यात निघालं. पाचव्यात, सहाव्यात. सातव्यात मात्र काहीच नाही. पुन्हा आठव्यात आहे, नवव्यात तर सगळ्यात जास्त, कारण नववं सगळ्यात भुसभुशीत. दगडबाई चहाच्या वेळेला बाकावर बसून म्हणाल्या, "एक गोष्ट कळत नाही. सात नंबर बरोबर मध्ये आहे. दोन्ही बाजूंना सोनं आणि मध्येच नाही. बाकी शीर इतकी प्रामाणिक, की प्रत्येक पिशवीत सोन्याला चांदीचं प्रमाण तेच. वरखाली होतच नाही. असं मी कुठे शिकलेही नाही."

भोकं पाडणाऱ्या यंत्रावर एक जाडा मिस्त्री होता, त्याला भोकपाड्या म्हणायचे. करवत्याचा जुना दोस्त. तो कपात फुंकर मारत म्हणाला, "मॅडम, सातच्या वेळेला हा करवत्या तापाने पडला होता. गोदामवाल्याने चिरल्या कांड्या. गोदामवाल्याचा हात लागला, सोनं रुसून बसलं."

"माझ्या हाताला काय झालंय?" गोदामवाला म्हणाला.

"तुझा हात ज्या डब्याला लागतो तो रिकामा होतो, एवढंच."

सगळे हसले. दगडबाईही हसल्या. पण हसणं संपल्यावर बघा, काहीजण करवत्याच्या हाताकडे बघत राहिले.

तिथून ते सुरू झालं. आधी गंमत, मग सवय, मग श्रद्धा. नवीन भोक सुरू करायचं, तर यंत्राच्या पहिल्या नळीला करवत्याचा हात लावून घ्यायचे. गोदामवाल्याला करवतीच्या आसपास फिरकू देईनात. दगडबाई शिकलेल्या, पण महत्त्वाची पेटी आली की त्याही म्हणायच्या, "ही करवत्यालाच द्या." करवत्याला वाटलं, चला, म्हातारपणी हाताला जरा मान आला. बायको असती तर म्हणाली असती, घरात एक पेला उचलून ठेवत नव्हता हा हात.

सोनं निघालं म्हटल्यावर कंपनीने बोगदा घालायचं ठरवलं. नवव्या भोकाच्या खालच्या शिरेपर्यंत, डोंगराच्या पोटातून सरळ. बोगद्यावर मुकादम म्हणून कोण आला असेल? करवत्याचा जावई. लांबच्या खाणीत होता इतकी वर्षं, सणासुदीच्या पाहुण्यासारखा घरी यायचा. त्याची पोरगी त्याला बघून आईच्या मागे लपायची. आता कंपनीने दोन खोल्या दिल्या, बोगद्याच्या तोंडासमोरच. करवत्याच्या लेकीने खिडक्यांना पडदे लावले, फडताळ ठोकून घेतलं, दारात एक कुंडी ठेवली. पोरगी संध्याकाळी बापाचं हेल्मेट घालून घरभर फिरायची आणि भिंतीवर आपटायची. करवत्या रोज जेवायला तिकडेच. सुख म्हणतात ते असंच असावं, घास घेताना आवाज होतो आणि कोणाला त्याचा राग येत नाही.

मग एक दिवस तो दुपारी अंघोळीला बसला आणि बोटावरची पट्टी पाण्याने भिजून सुटली. सगळे थर एकदमच, सापाची कात निघावी तसे. कितीतरी दिवसांनी त्याने अंगठी बघितली. वरून ठीक होती. दोन पानांची नक्षी होती, ती तशीच. त्याने हात उलटा केला.

तळव्याकडची बाजू उरलीच नव्हती. म्हणजे होती, पण तारेसारखी, केसाच्या आकड्याएवढी बारीक. नखाने दाबली तर वाकेल अशी.

तो पाटावर तसाच बसून राहिला. बादलीतून पाणी वाहून जात होतं. पट्टीच्या थरांत पांढरा गाळ भरला होता, गारगोटीचा. त्याने चिमटीत घेऊन चोळला. खरखरीत, सोनाराच्या कानशीसारखा. आणि त्याच्या ध्यानात आलं, की ही कानस आपण इतके महिने बोटाला बांधून फिरतोय.

मग एकेक आठवायला लागलं, आणि आठवणी कशा येतात बघा, नको त्या रांगेने येतात. अख्ख्या कांड्या होत्या तेव्हा सोनं नाही. भुगा आला, ओंजळीने सारखा केला, तेव्हा सोनं. जितका भुगा जास्त तितकं सोनं जास्त. सात नंबरला ताप. आणि ती प्रामाणिक शीर. अंगठी घडवली तेव्हा सोनाराने चांदी हात सैल सोडून मिसळली होती. बायको चिडवायची, "सोनं कमी, चांदी फार. पण तुम्हाला शोभते." प्रमाण वरखाली होईल कसं? एकाच मुशीतून निघालेलं ते.

म्हणजे डोंगरात शीर नव्हती. शीर त्याच्या बोटात होती. आणि बोगदा निघाला होता थेट तिकडे, जिथला दगड सगळ्यात कुजका. त्या पेट्या त्याने ओंजळीने भरल्या होत्या, तो दगड कसा आहे हे त्याच्याइतकं कोणाच्या हाताला ठाऊक? तो दगड डोक्यावर घेऊन पुढे चालला होता त्याचा जावई.

त्याने अंगठी ओढली. सांध्यापाशी अडकली. इतकी झिजली तरी निघेना. बारीक झाली होती, सैल झाली नव्हती.

संध्याकाळी तो लेकीकडे गेला. जावई अजून बोगद्यात. लेक फडताळात डबे लावत होती. त्याने दार लोटलं, आणि सगळं सांगितलं. ती डबे लावत राहिली. मग थांबली.

"कोणाला सांगितलंत?"

"तुलाच पहिली."

"मग मलाच शेवटची राहू दे."

"अगं, खोटं आहे ते सगळं."

"बाबा, अंगठी झिजली किती? गुंजभर? दोन गुंजा? गुंजभराने डोंगर सोन्याचा होतो का?"

"डोंगर नाही होत. पिशवी होते."

ती खिडकीपाशी गेली. समोर बोगद्याच्या तोंडात दिवे लागत होते. "थोडं खरंही असेल," ती म्हणाली. "तुमचं मिसळलं असेल, पण मुळात थोडं असेल. तुम्ही काय तपासणीवाले आहात?" मग आवाज खाली आला. "ते इथे आले तेव्हा पोरगी त्यांना काका म्हणाली होती. आठवतं? आता बाबा म्हणते. मी तुमच्या पाया पडते, पण हे मला पुन्हा सांगू नका."

आणि तिने ताट वाढलं. करवत्या जेवला. काय जेवला, विचारू नका. त्या दोन खोल्यांत तो रोज यायचा, पण त्या दिवशी भिंती जवळ आल्या होत्या. जावई आला, हातपाय धुतले, म्हणाला, "मामा, छतातून बारीक माती गळतेय. लाकडाचे टेकू वाढवतोय. हरकत नाही, तुमची शीर पुढेच आहे." लेकीने बापाकडे बघितलं नाही. वाढायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली जरा वेळ.

दुसऱ्या दिवशी त्याने भोकपाड्याला गाठलं, यंत्राच्या मागे. भोकपाड्या आधी पोट धरून हसला. "म्हणजे वहिनींनी डोंगराला सोनं दान केलं म्हण की." मग करवत्याचं तोंड बघून हसू विरलं.

"माझ्या यंत्रावर किती माणसं आहेत, ठाऊक आहे?" तो म्हणाला. "त्यांच्या घरी किती?"

"ठाऊक आहे."

"मग ऐक. अंगठी काढ, नदीत टाक. उद्यापासून सोनं आपोआप कमी होईल. शीर आटली म्हणतील. शिरा आटतात. कोणाचं बोट कोणाकडे नाही. सुंठीवाचून खोकला जाईल."

"आणि बोगदा?"

भोकपाड्याने कापडाने हात पुसले, मळलेल्या कापडाने, म्हणजे आणखी मळले. "बोगदा काय, बोगदे चालतातच."

"नवव्या नंबरचा दगड तू काढलास ना?"

"काढला."

"मग सांग, तू जाशील त्याच्याखाली?"

भोकपाड्याने यंत्र सुरू केलं. मोठा आवाज असला की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, ही त्या धंद्यातली सोय.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण त्यात निदान दोन जागा तरी असतात. करवत्याला तीही निवड नव्हती. सांगावं तर लेकीचं घर मोडतं. गप्प बसावं तर जावई कुजक्या दगडाखाली. अंगठी टाकावी म्हटलं तर ती निघत नाही. कामावर जावं तर लोक हात धरतात, शुभ म्हणून. तो ताप आल्याचं सांगून घरी बसला, तर भोकं थांबली. माणसं दारात येऊन उभी. "तुम्ही नुसते येऊन उभे राहा. चिरू नका. उभे राहा." गेला बिचारा. उभा राहिला. कांडी आली की कोणीतरी त्याच्या हातात द्यायचं.

असे दिवस गेले. किती गेले, त्याने मोजले नाहीत. मग एका सकाळी जावई शेडमध्ये आला.

"मामा, जरा बोगद्यात चला."

"मी कशाला?"

"पोरं पुढे सरकत नाहीत. छत करकरतंय म्हणतात. म्हणतात, करवत्याने पुढच्या दगडाला हात लावला तर जाऊ." जावई शरमला होता. "मला असल्यावर विश्वास नाही. पण पोरांना आहे, आणि पोरांशिवाय बोगदा पुढे जात नाही."

आता नाही कसं म्हणणार? काय सांगून नाही म्हणणार? तो हेल्मेट घालून निघाला. लेक दारातल्या कुंडीला पाणी घालत होती. तिने दोघांना जाताना पाहिलं. कुंडी भरून पाणी खाली वाहायला लागलं तरी तांब्या तसाच तिरका.

आत गेल्यावर उजेड मागे राहिला. दोन्ही बाजूंना लाकडाचे टेकू, वर आडव्या फळ्या, फळ्यांच्या फटीतून पाणी. पुढे पुढे टेकू दाट होत गेले, माणसाला खांदा तिरका करून जावं लागेल इतके. फळ्यांवर कोणीतरी सतत वाळू चाळतंय असा आवाज. करवत्याने तो आवाज ओळखला. त्याच्या ओंजळीतून पेटीत पडताना भुगा असाच वाजायचा.

बोगदा संपला. समोर दगड, दिव्याच्या उजेडात ओला, पांढरा, भेगाळलेला. करवत्या वळला. मागे सगळी पाळी येऊन उभी राहिली होती, एकाच्या खांद्यावरून दुसरा डोकावत, वाट बुजवून. पुढे दगड, मागे माणसं, डोक्यावर ते चाळणं. दिव्यांमुळे त्यांची तोंडं दिसत नव्हती, फक्त उजेड दिसत होता, सगळा त्याच्या हातावर रोखलेला.

"लावा मामा," जावई हळूच म्हणाला.

त्याने हात उचलला. पट्टी नवी होती, काळी चकचकीत. हात दगडापासून वीतभर लांब राहिला. पुढे जाईना, मागे येईना. मागून कोणीतरी म्हणालं, "झालं की काम फत्ते. चला रे, पहारी उचला." आणि पहार उचलल्याचा आवाज आला, ठण.

त्या आवाजाने ते झालं. त्याने हात खाली घेतला.

"पोरांना बाहेर काढा," तो म्हणाला.

"का?"

"आधी बाहेर काढा. मग का ते सांगतो. आत्ता काढा, जावईबापू, सासरा म्हणून सांगतोय."

पंधरा वर्षांत सासरा म्हणून त्याने काही मागितलं नव्हतं. जावयाने एक क्षण बघितलं आणि मागे वळून ओरडला. पाळी उलटी फिरली. बडबडत फिरली, पण फिरली.

बाहेर उन्हात आल्यावर करवत्याने पट्टी सोडली, हात उलटा केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. फार बोलला नाही. अंगठी दाखवली, सात नंबरची आठवण करून दिली. पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग गोदामवाला म्हणाला, "तरीच," आणि खाली बसला.

जावई अंगठीकडे बघत होता. "कधी कळलं तुम्हाला?"

"आज सकाळी."

"घरी माहीत आहे?"

लेक दारात उभी होती, ऐकू जाईल इतक्या अंतरावर. करवत्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "तिला काय माहीत असणार."

तो खोटा ताप सोडला तर जन्मात कामाच्या ठिकाणी तो खोटं बोलला ते एवढंच, आणि तेही खरं सांगताना.

मग तो दगडबाईंकडे गेला. वाटेत दुरुस्तीच्या खोपटात थांबला, रखवालदाराला म्हणाला, पक्कड आण. चिमट्याला जोरही लागला नाही. तार तुटते तशी अंगठी तुटली. वर दोन पानं शाबूत. दगडबाईंच्या टेबलावर त्याने ती ठेवली आणि चौथ्यांदा सगळं सांगितलं. बाईंनी ती उलटी करून बघितली. मग म्हणाल्या, "पट्टी गुंडाळा, असं मी म्हणाले होते."

"हातमोजा घाला असंही तुम्ही म्हणाला होतात. मी काढला."

"मी विचारलं नाही."

"मी सांगितलं नाही."

बाईंनी फोन उचलला, आणि बोगदा थांबला. पेट्यांतला राहिलेला अर्धा दगड धुवून, दुसऱ्या हातांनी भरून पुन्हा तपासणीला गेला. सोबत अंगठीही गेली. अंगठीत सोन्याला चांदीचं प्रमाण जे निघालं, तेच त्या प्रामाणिक शिरेचं. धुतलेल्या दगडात नावापुरती चांदी निघाली, सोनं नाही. पानगळ लागली तशी माणसं गेली. यंत्र गेलं, भोकपाड्या गेला. जाताना करवत्याच्या दारावरून गेला, थांबला नाही, पण भोंगा वाजवला. त्या दोन खोल्यांतले पडदे लेकीने उतरवले. जावई परत लांबच्या खाणीत. दोन वर्षं सासऱ्याशी बोलला नाही, आता बोलतो, पण मामा म्हणत नाही. कामापुरतं बोलतो.

लोक मला विचारतात, मग तो बोगदा पडला का? नाही पडला. मी जाऊन आलोय त्या बाजूला. तोंडाला गवत उगवलंय, टेकू अजून उभे आहेत. करवत्याने एकदा मला सांगितलं, की तो बरेच दिवस वाट बघत होता. रिकामा असताना, कोणी आत नसताना, एकदा धडाड करून पडावा. म्हणजे लेकीला दाखवता आलं असतं, बघ. नाही पडला. जावई त्याच्याखालून रोज सुखरूप घरी आला असता, की नसता, हे आता कोणालाच कळायचं नाही. आणि लेकीने त्या दिवशी गप्प बसायला सांगितलं होतं, हे जावयाला अजून माहीत नाही. करवत्या आणि ती, दोघं बापलेक एका ताटाशी बसतात, आणि ते ओझं मध्ये मिठासारखं ठेवलेलं असतं. कोणी उचलत नाही, कोणी सरकवत नाही.

अंगठी तपासणीत वितळली. ते काम तसंच असतं, वस्तू परत येत नाही. बोटावर मात्र वळ राहिलाय, पांढरा, खोल. तो म्हणतो, भरत नाही. म्हणतो, अंगठी नसतानाही कधी कधी साबण लावून बघतो.

त्या आल्या बघा मॅडम. उठा आता. तुमच्या उजव्या हातात ती जी आहे, खड्याची, मी तुम्ही आल्यापासून बघतोय. घरच्यांनी प्रेमाने घातली असेल, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण तेवढी काढा आणि त्या फळीवर अडकवा, तिसरा खिळा रिकामा आहे. आणि निघत नसेल तर आत्ताच सांगा मला, इथे दारातच सांगा.